वायूचा हिशेब आणि विहिरीचे पाणी

महाराष्ट्रातील सुशिक्षित वाचकाला नैसर्गिक वायूची ओळख झाली ती प्रामुख्याने 'बॉम्बे हाय'मुळे. १९७४ साली मुंबईपासून दूर भर समुद्रात तेल सापडले, १९७६ मध्ये प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले आणि पुढे समुद्रतळावरील नळांतून वायू उरणला येऊ लागला. या वायूच्या विहिरीशेजारी कोणाचे शेत नाही की गावाचा पाणवठा नाही. त्यामुळे वायू काढताना जमिनीखालच्या पाण्याचे काय होते, हा प्रश्न आपल्याला फारसा पडला नाही. परंतु जेथे वायूची विहीर आणि पाण्याची विहीर एकाच शिवारात येतात, तेथे हा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया व वायोमिंग ही राज्ये, ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड आणि आपल्याच देशातील दामोदरचे खोरे व कावेरीचा त्रिभुज प्रदेश येथील लोकांना तो या ना त्या स्वरूपात पडला आहे.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्र शिकवतो, भूगर्भशास्त्र नव्हे. वर्गात 'सामाजिक खर्च' ही कल्पना समजावताना कारखान्याच्या धुराचे उदाहरण देण्याचा प्रघात आहे. कारखानदार नफा घेतो, धूर शेजाऱ्याच्या वाट्याला येतो, आणि तो खर्च कारखान्याच्या हिशेबवहीत कोठेच दिसत नाही. एकदा हे सांगत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, धूर तरी दिसतो. जे दिसतच नाही, त्याचा हिशेब कसा मांडायचा?" प्रश्न साधा होता, उत्तर मात्र साधे नव्हते. भूजलाच्या बाबतीत सारी अडचण नेमकी हीच आहे.

धोका नेमका कोठे?

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यत्वे मिथेन. सच्छिद्र खडकात साठलेला वायू विहीर खणली की आपल्या दाबाने वर येतो. शेल नावाच्या घट्ट, पापुद्र्यांच्या खडकातील वायू मात्र असा सुखासुखी हाती लागत नाही. त्यासाठी प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि रसायने खाली सोडून खडकाला भेगा पाडाव्या लागतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अभ्यासलेल्या नोंदींनुसार २०११ ते २०१३ या काळात अशा एका विहिरीसाठी लागणाऱ्या पाण्याचे मध्यम प्रमाण सुमारे ५७ लक्ष लिटर होते. त्यात मिसळलेल्या रसायनांचा वाटा शेकडा दोन किंवा त्याहून कमी असतो. पण या कामी निरनिराळ्या ठिकाणी वापरलेल्या रसायनांची त्याच संस्थेने केलेली यादी १,०८४ नावांची आहे. त्यांपैकी फार थोड्यांविषयी दीर्घकाळच्या विषारीपणाची माहिती उपलब्ध आहे.

दगडी कोळशाच्या थरांतील वायूची रीत याहून निराळी. तेथे वायू कोळशाला पाण्याच्या दाबाने चिकटून राहिलेला असतो. तो सुटावा म्हणून आधी थरातील पाणीच उपसून काढावे लागते. म्हणजे शेलच्या बाबतीत पाण्यात काय मिसळले ही चिंता, तर कोळशाच्या बाबतीत पाणी किती गेले ही चिंता. शिवाय वर आलेले पाणी बहुधा खारे असते. ते कोठे सोडायचे हा तिसरा प्रश्न उरतोच.

भेगा पडल्या की त्या थेट वर पाणवठ्यापर्यंत पोहोचतात, असे चित्र अनेकदा रंगवले जाते. शेलचा थर दीड-दोन किलोमीटर खोल आणि पाण्याचा थर शंभर-दोनशे मीटरवर असेल, तर ही शक्यता फारच अल्प असते. खरा धोका पुष्कळदा अगदी साध्या ठिकाणी असतो. वायूची विहीर पाण्याच्या थरातूनच खाली जाते. तिच्या पोलादी नळाभोवती सिमेंटचा लेप असतो आणि तोच पाण्याचे व वायूचे जग एकमेकांपासून अलग ठेवतो. हा लेप अपुरा पडला, त्याला तडे गेले, किंवा जुन्या सोडून दिलेल्या विहिरी नीट बुजवलेल्या नसल्या, तर वायू वरच्या थरात झिरपतो. रसायनांचे वा खाऱ्या पाण्याचे खड्डे अस्तराविना ठेवले, टाकी फुटली, टँकर उलटला, तर प्रदूषण वरून खाली जाते. म्हणजे धोक्याचे मूळ खोल पाताळात कमी आणि गवंड्याच्या, फिटरच्या व मुकादमाच्या कामात अधिक असते. अशा चुका टाळता येतात. पण देखरेख नसेल तर त्या खात्रीने होतात.

तीन ठिकाणांचे अनुभव

पेन्सिल्व्हेनियातील डिमॉक या खेड्यात १ जानेवारी २००९ रोजी एका घराच्या विहिरीवरील काँक्रीटचे झाकण स्फोटाने उडाले. विहिरीत मिथेन साचला होता. शेजारी शेल वायूसाठी विहिरी खणणे चालू होते. राज्याच्या पर्यावरण खात्याने कंपनीला जबाबदार धरले. कंपनी म्हणाली, या भागात मिथेन पूर्वापार आहे. २०१२ मध्ये संघराज्याच्या पर्यावरण संस्थेने तपासणी करून पुढील कारवाईची गरज नाही, असा निर्वाळा दिला. तेथे प्रकरण संपायला हवे होते, पण संपले नाही. २०२० मध्ये फौजदारी आरोप ठेवले गेले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये मूळ कंपनीच्या वारसदार कंपनीने एका आरोपाला आव्हान न देता, गावासाठी सार्वजनिक नळयोजना उभारण्याकरिता सुमारे १ कोटी ६३ लक्ष डॉलर देण्याचे मान्य केले. विहिरीचे झाकण उडाल्यापासून या समझोत्यापर्यंत जवळजवळ चौदा वर्षे लोटली होती.

दुसरे ठिकाण वायोमिंगमधील पॅव्हिलियन. येथे रहिवाशांनी पाण्याला वास येतो, चव बिघडली आहे, अशा तक्रारी केल्या आणि २००८ मध्ये संघराज्याच्या संस्थेने तपासणी हाती घेतली. येथील भूस्तर डिमॉकसारखा नव्हता. काही ठिकाणी सुमारे ३७० मीटर खोलीवरच खडक भेगाळला होता आणि घरगुती विहिरी सुमारे २४० मीटरपर्यंत खोल होत्या. शिवाय किमान ३३ खड्डे अस्तराविना वापरलेले होते. डिसेंबर २०११ च्या मसुदा अहवालात भूजलातील रसायनांचा संबंध वायूच्या कामाशी जोडला गेला. उद्योगाने व राज्य सरकारने त्यावर हरकती घेतल्या, तपासणीच्या विहिरींच्याच रचनेवर शंका काढली, आणि २०१३ मध्ये संस्थेने तो अहवाल अंतिम न करता प्रकरण राज्याकडे सोपवले. २०१६ मध्ये एका विद्यापीठीय अभ्यासाने भूजलावर परिणाम झाल्याचे म्हटले. त्याच वर्षी राज्याच्या अहवालाने खडक भेगाळण्यामुळे हे घडले असण्याचा संभव कमी आहे, असे सांगितले. एकच गाव, तेच पाणी, आणि निष्कर्ष दोन!

या वादांच्या मुळाशी एकच उणीव आहे. वायूची विहीर खणण्यापूर्वी पाण्याच्या विहिरीत काय होते, याची विश्वासार्ह नोंद कोणाजवळही पुरेशी नव्हती. २०११ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना पेन्सिल्व्हेनिया व न्यूयॉर्क राज्यांच्या काही भागांत असे आढळले की, चालू वायुविहिरींच्या जवळच्या पाण्यात मिथेनचे सरासरी प्रमाण इतर ठिकाणांहून सतरा पटींनी अधिक आहे. मात्र भेगाळण्याच्या द्रावाचा अंश त्यांना त्यात मिळाला नाही. विरोधकांचे उत्तर तयार होते: सखल दऱ्यांतील विहिरींत मिथेन मुळातच अधिक असतो, आणि आधीची मोजणी कोठे आहे? हा युक्तिवाद सर्वस्वी चुकीचा नव्हता. पण त्याचा अर्थ काय होतो ते पाहावे. आधी मोजले नाही म्हणून नंतर सिद्ध करता येत नाही. आणि सिद्ध करता येत नाही म्हणून नुकसान झालेच नाही, असे धरले जाते. न मोजणाऱ्याच्या पदरात इतके मोठे बक्षीस टाकणारा व्यवहार दुसरा कोणता असेल?

तिसरे ठिकाण क्वीन्सलंडमधील सुरत खोरे. येथे कोळशाच्या थरांतील वायूसाठी पाणी उपसले जाते. एकेका कंपनीने आपापल्या क्षेत्रापुरता परिणाम मोजून भागणार नाही, कारण खालचे पाणी कंपन्यांच्या हद्दी ओळखत नाही, हे तेथील सरकारने मान्य केले. २०११ मध्ये हे खोरे एकत्रित परिणामांचे क्षेत्र म्हणून जाहीर झाले. अंदाज बांधण्याचे काम कंपन्यांकडे न ठेवता एका स्वतंत्र कार्यालयाकडे देण्यात आले. खर्च मात्र कंपन्यांवरील पट्टीतून वसूल होतो. २०१२ च्या पहिल्या अहवालात त्या कार्यालयाने सांगितले की, तीन वर्षांत ८५ आणि कालांतराने ५२८ विंधन विहिरींची पातळी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक खाली जाईल. घट्ट खडकातील थरासाठी ही मर्यादा पाच मीटर, तर सुट्या गाळाच्या थरासाठी दोन मीटर. ज्याची विहीर या यादीत येईल, त्याच्याशी कंपनीने भरपाईचा करार करावा, विहीर खोल करून द्यावी किंवा पर्यायी पाणी द्यावे, असे बंधन आहे. तेथील शेतकरी समाधानी आहेत असे नव्हे. त्यांच्या तक्रारी पुष्कळ आहेत. परंतु नुकसान होणार हे आधी कबूल करून, कोणाचे आणि किती हे आधी लिहून काढण्याची रीत तेथे पडली, ही गोष्ट लहान नाही.

'पुरावा नाही' म्हणजे काय?

अमेरिकेच्या काँग्रेसने पर्यावरण संस्थेला या प्रश्नाचा देशव्यापी अभ्यास करावयास सांगितले. जून २०१५ च्या मसुद्यात एक वाक्य होते. पेयजलावर व्यापक, सार्वत्रिक परिणाम झाल्याचा पुरावा आढळला नाही, असा त्याचा आशय. वर्तमानपत्रांतून त्या वाक्याचा अर्थ 'काही धोका नाही' असा पसरला. परंतु संस्थेच्याच विज्ञान सल्लागार मंडळाने, या विधानाला आकडेवारीचा पुरेसा आधार नाही, असा आक्षेप घेतला आणि डिसेंबर २०१६ च्या अंतिम अहवालातून ते वाक्य गेले. अंतिम अहवाल म्हणतो की काही परिस्थितीत पेयजलावर परिणाम होतात. ते देशभरात किती वेळा होतात हे सांगण्यास माहिती अपुरी आहे.

'पुरावा आढळला नाही' आणि 'नुकसान झाले नाही' ही दोन विधाने एक नव्हेत. परीक्षेला न बसलेला विद्यार्थी नापास झाला नाही, हे खरे. म्हणून तो उत्तीर्ण झाला असे कोणी म्हणत नाही. धोक्याचे मोजमाप करताना दोन प्रकारच्या चुका संभवतात. धोका नसताना तो आहे असे मानले, तर काही काळ वायू जमिनीत राहतो; तो नंतरही काढता येतो. धोका असताना तो नाही असे मानले, तर पाण्याचा थर बिघडतो. आणि बिघडलेला थर साफ करणे अनेकदा अशक्य, शक्य असल्यास पिढ्यांचे काम असते. पहिली चूक सुधारता येते, दुसरी बहुधा येत नाही. ज्या दोन चुकांची किंमत इतकी विषम आहे, त्यांना एकाच तराजूत तोलणे हे शास्त्रही नव्हे आणि शहाणपणही नव्हे.

येथे आमच्या शास्त्राचाही एक दोष कबूल केला पाहिजे. प्रकल्पाचा लाभ-खर्च मांडताना भविष्यातील रकमा वटावाच्या दराने आजच्या किंमतीत आणल्या जातात. तीस वर्षांनंतर होणारे एक कोटी रुपयांचे नुकसान दहा टक्के दराने आज अवघे पावणेसहा लाखांचे दिसते. चार टक्के धरले तर तेच जवळजवळ ३१ लाखांचे होते. वायूचे उत्पन्न पहिल्या वर्षांतच येते. सिमेंट झिजते, नळ गंजतात, खारे पाणी सरकत जाते ते नंतर. म्हणजे दर वाढवला की आजचा वायू फुगतो आणि उद्याची विहीर आटते. तीही प्रत्यक्षात आटण्यापूर्वीच, कागदावर! तीस वर्षांनी त्या विहिरीवर पाणी भरणारी मुलगी हा दर ठरवण्याच्या बैठकीला अर्थातच हजर नसते.

आपल्याकडे काय?

आपला देश जगात सर्वाधिक भूजल उपसणारा. वर्षाला सुमारे २४० अब्ज घनमीटर पाणी आपण जमिनीतून काढतो, आणि ग्रामीण भागातील पिण्याच्या पाण्याचा फार मोठा वाटा त्यावरच अवलंबून आहे. कोळशातील वायूचे धोरण १९९७ मध्ये आले, राणीगंज भागात २००७ पासून व्यापारी उत्पादन सुरू झाले, आणि २०१३ मध्ये सरकारी कंपन्यांना शेल वायूच्या शोधासाठी वाट मोकळी करून देण्यात आली. कावेरीच्या खोऱ्यात २०१० मध्ये झालेल्या मिथेन प्रकल्पाच्या कराराला शेतकऱ्यांनी इतका विरोध केला की राज्य सरकारला तो २०१३ मध्ये थांबवावा लागला. २०२० मध्ये तमिळनाडूने कायदा करून त्या भागाला संरक्षित कृषिक्षेत्र ठरवले. त्याच वर्षी जानेवारीत मात्र केंद्राने तेल व वायूच्या शोधमोहिमा पर्यावरण मंजुरीच्या अशा वर्गात टाकल्या की जेथे परिणामांचा सविस्तर अहवाल आणि जनसुनावणी यांची आवश्यकता राहत नाही. शोधाच्या टप्प्यावर खणलेली विहीरही पाण्याच्या थरातूनच खाली जाते, ही साधी गोष्ट येथे विसरली गेली, असे म्हणावे लागेल.

कायद्याचे तत्त्व आपल्याकडे नाही असे नाही. १९९६ मध्ये वेल्लोरच्या कातडी कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व या देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे सांगितले आणि आपली कृती निरुपद्रवी असल्याचे दाखवण्याचा भार उद्योजकावर टाकला. त्याच वर्षी राजस्थानातील बिछडी गावाच्या खटल्यात प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च भरावा, असा निर्णय झाला. तेथे रासायनिक कारखान्यांच्या गाळाने विहिरींचे पाणी नासले होते. पाणी नासले १९८० च्या दशकाच्या अखेरीस; सुमारे ३७ कोटी ३८ लक्ष रुपयांच्या वसुलीवर न्यायालयाने पुन्हा शिक्कामोर्तब केले ते २०११ मध्ये. न्याय मिळाला हे खरे. पण तोवर एक पिढी दुसऱ्या गावाहून पाणी आणत होती. न्यायालय भरपाई देऊ शकते, पाण्याचा थर परत देऊ शकत नाही.

वायू नकोच, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. आपल्या गरजेच्या जवळजवळ निम्मा वायू आपण परदेशांतून आणतो. त्यावर खतांचे कारखाने चालतात, शहरांतील चुली पेटतात, आणि कोळशापेक्षा त्याचा धूर कमी. कोळशाच्या खाणीही पाण्याचा नाश करतातच. प्रश्न वायू काढावा की नाही एवढाच नसून, त्याची खरी किंमत कोणाच्या खात्यावर टाकायची हा आहे.

उपाय फार मोठे नाहीत. पेन्सिल्व्हेनियाच्या २०१२ च्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे. शेलमधील वायूची विहीर पुरी झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत, २,५०० फुटांच्या परिसरातील पाणी बिघडले, तर दोष कंपनीचा असे गृहीत धरले जाते. आपला दोष नाही असे दाखवायचे असेल, तर मुख्य मार्ग एकच: खणण्यापूर्वी स्वतंत्र प्रयोगशाळेकडून केलेली तपासणी दाखवा. परिणाम असा, की आधीची मोजणी ही कंपनीच्याच हिताची गोष्ट झाली. उपदेशाने जे होत नाही, ते जबाबदारीची जागा बदलल्याने होते. आपल्याकडेही ही तरतूद आणावी आणि मुदत याहून लांब ठेवावी. क्वीन्सलंडप्रमाणे संपूर्ण खोऱ्याचा एकत्र अंदाज स्वतंत्र यंत्रणेने करावा. प्रत्येक विहिरीमागे कंपनीने ठेव ठेवावी आणि विहीर नीट बुजवून काही वर्षे लोटल्यावरच ती परत मिळावी. वापरलेल्या रसायनांची यादी आणि पाण्याच्या तपासणीचे आकडे ग्रामपंचायतीत मराठी, बंगाली, तमिळ अशा तेथील भाषेत लावावेत. व्यापारी गुपित हे शीतपेयाच्या कृतीचे असू शकते. जे दुसऱ्याच्या विहिरीत उतरू शकते त्याचे असू शकत नाही.

त्या विद्यार्थ्याला त्या दिवशी पुरते उत्तर देता आले नव्हते. आज द्यायचे झाले तर इतकेच सांगता येईल: जे दिसत नाही त्याचा हिशेब मांडायचा असेल, तर सुरुवातीची शिल्लक आधी लिहून ठेवावी लागते. कोणताही कारकून आरंभीच्या शिल्लकेवाचून वही उघडत नाही. पाण्याची वही मात्र आपण कोरी ठेवतो, आणि वर्षअखेरीस जमाखर्च जुळत नाही म्हणून गावकऱ्यालाच पुरावा मागतो.